निर्धनांची खाट आणि आक्काची बोरमाळ

आमच्या भागात माणूस दवाखान्याला निघतो तो लग्नाला निघाल्यासारखा. ठेवणीतली साडी, परीटघडीचा सदरा, डोक्याला तेल आणि अंगावर घालायला जे काही असेल ते. नसेल तर शेजारणीकडून मागून आणतात. चार माणसांत जायचं, डॉक्टरांपुढे उभं राहायचं, तर गबाळं कसं जायचं? आमच्याकडे आजाराची लाज नसते, फाटक्याची असते. शाळेत शिकवत होते तेव्हा या सवयीला मी पुष्कळ हसले आहे. आणि थोरल्या बहिणीला सांगलीच्या त्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात न्यायची वेळ आली तेव्हा फोनवर मीच तिला म्हणाले, "आक्का, जरा नीट ये हं. तिथं सगळी बडी माणसं असतात."

आक्का म्हसवडला दिलेली. दाजींचं बाजारपेठेत शिलाईचं दुकान होतं, म्हणजे एका किराणा दुकानाच्या पायरीवर त्यांचं मशीन असायचं. तयार कपडे आले आणि त्यांच्याकडे पँटी आखूड करण्यापुरतं काम उरलं. मूलबाळ नाही. वर्षभरापासून आक्काला चार पावलं चाललं की धाप लागायची. हृदयाची झडप गेली आहे, महिन्याभरात बदलली नाही तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. सरकारी योजनेच्या यादीत तिचं नाव भलत्याच आडनावाने चढलं होतं आणि ते दुरुस्त व्हायला महिना पुरला नसता. दाजींचं मशीन आणि माझी शिल्लक एकत्र केली तरी झडप येत नव्हती. धर्मादाय रुग्णालयांना काही खाटा निर्धनांसाठी फुकट ठेवाव्या लागतात, तसा नियमच आहे. आमचा सगळा जीव त्या एका खाटेत अडकला होता.

हे रुग्णालय मी डी.एड.ला होते तेव्हापासून पाहते आहे. तेव्हा पत्र्याच्या सहा खोल्या होत्या आणि बाहेर लिंबाखाली नातेवाइकांच्या चुली पेटायच्या. माहेरी कृष्णाकाठी आमचा अर्धा एकर ऊस. त्या उसाच्या बिलातून कारखाना याच रुग्णालयासाठी टनामागे कपात करायचा. वडिलांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी कुरकुर केली नाही. आपल्याच पोरीबाळींच्या कामी येईल, म्हणायचे.

आता तिथे सात मजले आहेत आणि आठव्याचे गज वर आलेले दिसतात. खाली संगमरवर, कॉफीचं दुकान, संस्थापकांचा पुतळा, पुतळ्याला रोज ताजा हार. शेजारी यांचंच नर्सिंग कॉलेज, पलीकडे यांचंच मंगल कार्यालय. ना नफा ना तोटा, असं अजूनही बिनदिक्कत सांगतात. नफा नाही म्हणायचं आणि दर दोन वर्षांनी एक मजला चढवायचा, ही कुठल्या गणिताची रीत, ते मला तीस वर्षं गणित शिकवूनही कळलेलं नाही. नफ्याला ते शिल्लक म्हणतात. आमच्या घरी शिल्लक म्हणजे सकाळची भाकरी. ज्यांच्या बिलातून कपात झाली ते शेतकरी कधीच मेले आणि आयत्या बिळावर हे नागोबा येऊन बसले. 'धर्मादाय रुग्णालय' अशी पाटी दर्शनी भागात लावायचा दंडक आहे म्हणून पाटी लावली आहे, पण तिच्यापुढे पामची एवढी मोठी कुंडी आणून ठेवली आहे की वाचणाऱ्याला त्यातलं फक्त 'दाय' दिसतं.

दाजींबरोबर आक्का एसटीतून उतरली ती डाळिंबी रंगाची काठापदराची साडी नेसून. गळ्यात दोनपदरी बोरमाळ, कानात फुलं. बोरमाळ तिच्या जावेची होती हे मला पाहताक्षणीच कळलं. बाई धापा टाकत होती, पण दिसत होती पाटलीणबाई. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? माझी बहीण चार लोकांत उठून दिसतेय, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

निर्धनांचे अर्ज घेणारा समाजसेवक काचेच्या खोलीत बसला होता. तिशीचा असेल, गळ्यात टाय. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं मी क्रमाने लावून दिलं. त्याने कागदांकडे पाहिलंच नाही. तो बोरमाळेकडे पाहत होता.

"हे सोनं कुणाचं?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात आक्काने मागे नजर टाकली. रांगेत तिच्या गल्लीतलीच एक बाई उभी होती. मागून आणलेला दागिना मागून आणलाय असं चारचौघांत सांगणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. आक्काने पदर सारखा केला.

"माजंच हाय की," ती म्हणाली. "दुसऱ्याचं घालून यायला आमी काय भिकारी हाय व्हय?"

दाजींनी खाली मान घातली. मी तो जावेचा दागिना आहे म्हणून घसा फोडून सांगितलं. समाजसेवक हसला. "बाई, कागद काय, कुणालाही मिळतात. सोनं तरी खोटं बोलत नाही." असं म्हणून त्याने अर्जावर 'अपात्र' लिहिलं. झडपेचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, तशाही निर्धनांच्या खाटा भरलेल्या आहेत.

भरल्या आहेत तर बघू तरी कुणी भरल्यात, म्हणून त्या दोघांना खाली बसवून मी चौथ्या मजल्यावर गेले. दारावर 'निर्धन व दुर्बल घटक' लिहिलेली खोली, आठ खाटा. तिसऱ्या खाटेवर सांगलीतल्या आमच्याच गल्लीतले हळदीचे व्यापारी पहुडले होते. दोन गोदामं, तीन मजली घर. त्यांच्या नातवाला मी पाढे शिकवले आहेत. अंगात भोकं पडलेला बनियन, उशाशी सफरचंदं आणि दोन मोबाईल.

"बाई, तुम्ही इकडं कुठं?" ते मनापासून खूश झाले. "अध्यक्ष आपल्या बसण्याउठण्यातले. म्हणाले, येताना जरा जुनंपानं घालून या, बाकी मी बघतो."

यात काही लपवण्यासारखं आहे असं त्यांच्या गावीही नव्हतं. आणि अध्यक्ष म्हणजे कोण, तर दर दिवाळीला गरिबांना फराळ वाटताना वर्तमानपत्रात दिसणारे गृहस्थ. मला त्या व्यापाऱ्याचा राग आला नाही, किळस आली. गरीब दिसायची चैन फक्त श्रीमंताला परवडते, त्याला कुणी खरंच गरीब समजेल अशी भीती नसते. रुग्णालयाला बनियन घालून आलेलं चालत होतं. माझ्या बहिणीला मात्र मी सजून यायला सांगितलं होतं. त्या क्षणी माझीच अक्कल मला सगळ्यात स्वस्त वाटली.

आठवड्याने खाट रिकामी झाल्याचं कळलं. मी लगेच आक्काला फोन केला. रागातच होते. "हे बघ, उद्या ये. या वेळेला साधी साडी नेस आणि गळ्यात काही म्हणता काही घालू नकोस. कळलं? काही म्हणजे काही नको."

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा विचारलं, "कायच नगं?"

"काहीच नको," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी बोरमाळेबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरली तेव्हा आक्काच्या अंगावर विटलेली साडी होती आणि गळा मोकळा होता. मंगळसूत्राची काळी पोतसुद्धा नव्हती. पंचेचाळीस वर्षं तिथे असलेल्या मण्यांचा फिकट वळ तेवढा दिसत होता. मी दाजींकडे पाहिलं.

"मीच काढून दिली," ते म्हणाले. "तिचा हात धजना. तुमी म्हणला कायच नगं, म्हून."

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात काळी पोत मिळते, घेऊन घालायला हवी होती. पण महिन्यातले फार थोडे दिवस उरले होते आणि मी तिला तशीच आत नेलं. काचेच्या खोलीत समाजसेवकाने आक्काला एकदा गळ्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि न विचारता एका रकान्यात 'विधवा' लिहिलं. शिधापत्रिका त्याच्या कोपराखाली होती. तिच्यावर नवऱ्याचं नाव होतं. गेल्या आठवड्यात त्याने चेहरा नाही, बोरमाळच पाहिली होती, त्यामुळे त्याने आम्हाला ओळखलंही नाही; तेव्हा त्याला कागद खोटे वाटले होते, आज कागदांची गरजच पडली नाही. मग त्याने दाजींकडे पेन रोखून विचारलं, "हे कोण?"

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलाकडे बघत राहिले.

"गाववाला हाय जी," दाजी म्हणाले.

'पात्र'चा शिक्का बसला. झडप बदलली, शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर उत्तम होते, परिचारिका मायेच्या होत्या, त्यांच्याविषयी मी एक वाकडा शब्द बोलणार नाही. फक्त दाजींना त्या मजल्यावर बसू देत नव्हते. पास जवळच्या नातेवाइकालाच, म्हणजे मला. ते खाली पुतळ्यासमोर बसायचे आणि मी जिन्यावरून जाऊन त्यांना सांगायचे की आज तिने पेज घेतली, आज ती उठून बसली.

घरी सोडायच्या दिवशी अध्यक्ष आले. बरोबर छायाचित्रकार होता. आक्काच्या हातात गुलाब दिला आणि खांद्यावर शाल घातली. मला त्यांनी जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले.

आठ दिवसांनी सकाळी दाजींचा म्हसवडहून फोन आला. ते कधी फोन करत नाहीत, म्हणून माझा जीव धसकला. आक्का बरी होती. चहाच्या गाड्यावर पेपर वाचताना त्यांना त्यात ती दिसली होती. वर ठळक अक्षरांत 'निराधार विधवेला संस्थेकडून जीवदान' आणि शेजारी अध्यक्ष हात जोडून हसताना. गाड्यावरच्या सगळ्यांनी तो वाचला होता.

"फोटू लय झ्याक आलाय तुमच्या आक्काचा," दाजी म्हणाले. "मी मेलोय तेवढं मातूर छापाय नगं व्हतं."