गावाचं नाव राहिलं

नांदेडला बी.ए.ला असताना आम्हाला निबंधलेखनाचा पेपर होता. सर सांगायचे, आधी व्याख्या, मग कारणं, मग परिणाम, आणि 'मी' कुठंच नको. मला ते इतकं चढलं होतं की घरच्या पत्रातही मी 'कळविण्यात येते' लिहायचे.

त्या वर्षी दुष्काळ होता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असताना औशाजवळच्या आमच्या वस्तीतले दोन्ही आड आटले, तेव्हा बायकांनी ठरवलं, टँकरचा अर्ज शिकलेल्या पोरीनं लिहायचा. मी चार पानं लिहिली. सुरुवातच 'पाणीटंचाई ही एक बहुआयामी समस्या आहे' अशी. स्वतःवर लई खूश होते.

लातूरच्या बसमध्ये मी मायला बजावलं, "हापिसात तू काही बोलू नको. तुझं बोलणं तिथं चालत न्हाई."

"बरं," माय म्हणाली.

नव्या कचेरीतल्या कारकुनानं चारही पानं उलटीपालटी केली आणि विचारलं, "ताई, गाव कुठलं तुमचं?"

"आत आहे की," मी म्हटलं. नव्हतं. गाव नव्हतं, आड नव्हते, टँकर हा शब्दसुद्धा नव्हता. 'उपाययोजना करण्यात याव्यात' एवढं होतं. मी पानं त्याच्या हातून घेऊन पुन्हा चाळायला लागले.

"मावशी, तुम्ही सांगा," तो म्हणाला.

मायनं आधी माझ्याकडं बघितलं. बोलू का, असं विचारत होती. ते बघणं आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"दोन आड हायेत, दोन्ही कोरडे. कोसावरून पाणी आणतो. टँकर पायजे." त्यानं गावाचं नाव विचारलं, एवढंच एका कागदावर उतरवलं आणि तिचा अंगठा घेतला.

आठ दिवसांनी टँकर आला. घागरी घेऊन उभ्या बायकांना माय सांगत सुटली, "माझ्या पोरीनं लिव्हलं म्हणून आला." मी तिच्या मागंच रांगेत होते. मान खाली घातली आणि घागर पुढं सरकवली.

सुट्टी संपल्यावर तीच पानं, एक अक्षर न बदलता, मी सरांना दिली. 'उत्तम मांडणी' असा लाल शेरा मिळाला. दिवाळीला घरी आले तेव्हा मायनं त्या शेऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे लाल काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं.

"मंग," ती म्हणाली, "मी सगळ्यांना तेच तर सांगते."