तिच्या अंगठ्याखालचा मजकूर

माझी थोरली बहीण, आपा, बायकांच्या मय्यतीला शेवटची आंघोळ घालायची. आमच्यात बाईला बाईच धुते, आणि हे काम सगळ्यांना जमत नाही. कोणाला भीती वाटते, कोणी दुवा विसरते. नागभीडकडच्या आमच्या गावात मुसलमानांचा एक लहान मोहल्ला, आणि भोवतालच्या धानाच्या खेड्यांत कुठे एक घर, कुठे दोन. निरोप आला की आपा कापडी पिशवी उचलायची. तिच्यात कापूर, बोरीचा वाळवलेला पाला, हाताला बांधायच्या पांढऱ्या थैल्या. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर कोणाची बैलबंडी. कोणी काही देऊ लागलं तर म्हणायची, "माझ्या वेळेस एखादी चांगली बाई पाठवजा, झालं."

तिचा नवरा आलापल्लीच्या लाकूड डेपोत होता. तो गेला तेव्हा ती दोन मुलींना घेऊन माहेरी आली. आई आधीच वारली होती, त्यामुळे मलाही तिनेच वाढवलं. पुढे मी कापडाचं दुकान टाकलं, लग्न केलं, पण राहिलो तिच्या भिंतीला भिंत लावून. तिच्या ओसरीवर सकाळी मोहल्ल्यातली पोरं अरबी शिकायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेजारच्या शेतकरी बायका तान्ही लेकरं तिच्याकडे ठेवून बांधीत रोवायला जायच्या. एकीकडे सबक, एकीकडे रडारड. तिच्या एका जाड मैत्रिणीला ती हसत म्हणायची, "तू आता कमी खात जा व. तुले उलथवाले मले चार बाया लागतीन." ती मैत्रीण उलट म्हणायची, "मी तुह्या आंधी कायले मरतो? तुलेच पाठवून जातो."

ह्या कामाचा एक दस्तूर आहे. धुणारीने अंगावर जे पाहिलं ते तिथेच सोडायचं. कोणाला कोड असतो, कोणाचं काही व्यंग असतं. आपाने इतक्या बायका धुतल्या, पण घरी येऊन एका शब्दाने कधी काही सांगितलं नाही. हा दस्तूर मला माहीत होता आणि पुढे मी त्याचाच आडोसा घेतला.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. मी मशिदीच्या जमातीचा सेक्रेटरी होतो. आमच्याकडच्या एका धानगिरणीवाल्याची सून गेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, माहेर राजुऱ्याचं, बाप कोळसा खाणीत कामाला. अंगणात पाय घसरून पडली, असं गिरणीवाल्याने मला सांगितलं. मशिदीची नवी फरशी त्यानेच बसवून दिली होती, रोज नमाजाला माझ्या शेजारी उभा राहायचा. मी दुकानात कफन फाडलं आणि आपाला पाठवलं.

आत धुणं चाललं होतं. पुरुष बाहेर खुर्च्यांवर बसले होते. थोड्या वेळाने आपा मागच्या दाराने आली आणि तिने मला खुणेने बोलावलं. तिचे हात ओले होते.

"मय्यत थांबव, बाबू," ती म्हणाली. "पोरीच्या मानीवर बोटं उमटले हाये. पाचही."

मी म्हणालो की धुणारीने बोलायचं नसतं.

"ऐब झाकाले सांगतलं हाये. जुलूम झाकाले नाई."

 माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्या दिवसांत वातावरण बरं नव्हतं. पोलिसांची गाडी मोहल्ल्यात शिरली की गावभर काय बोललं जाईल, कोण काय निमित्त करेल, ह्याची मला धास्ती होती. हे खरं आहे. गिरणीवाल्याला दुखवायची माझी तयारी नव्हती, हेही तितकंच खरं आहे. मी आपाला म्हणालो, "तू आता कोणाजवळ बोलू नको. मी पाहतो, सगळं मी करतो." तिने मान हलवली. मला तिने वाढवलं होतं, माझ्या शब्दावर शंका घ्यायची तिला सवय नव्हती.

राजुऱ्याची माणसं पोचली तोवर कफन बांधून झालं होतं. फक्त चेहरा उघडा. मुलीच्या आईने चेहरा पाहिला आणि मग आपाचा हात धरला. "बाई, तुम्हीच तिले शेवटचा हात लावला. काही असन तर सांगा." आपाने माझ्याकडे पाहिलं.  मी काहीतरी करीन ह्या भरवशावर तिने काही सांगितलं नाही. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर दफन झालं.

पंधरा दिवसांनी मुलीच्या बापाने ठाण्यात अर्ज दिला. चौकशीला आलेल्या माणसाने धुणाऱ्या बाईचा जबाब मागितला. मी म्हणालो, बहीण पडद्यातली आहे, मी लिहून आणतो. आपा उर्दू वाचायची, कुराण वाचायची, पण लिहिता येत नव्हतं, आणि मराठी अक्षर तर ती ओळखतही नव्हती. मी मराठी शाळेत शिकलेला. दुपारी तिच्या ओसरीवर बसून मी कागद लिहिला. लिहिलं असं, की मयताच्या अंगावर कसलीही खूण, जखम वा व्रण मला दिसला नाही.

तिने विचारलं, "मानीवरचं लिवलं?"

मी म्हणालो, "लिवलं."

तिने बिस्मिल्लाह म्हटलं आणि अंगठा टेकवला. शाई मीच पुसली, दुकानातल्या चिंधीने.

अर्जाचं पुढे काही झालं नाही. वर्षाच्या आत गिरणीवाल्याच्या मुलाचं दुसरं लग्न झालं. मग एक दिवस मुलीची आई राजुऱ्याहून एकटीच आली. आपाच्या दारासमोर उभी राहून तिने जबाबाची नक्कल उलगडली आणि कोणाकडून तरी पाठ करून घेतल्यासारखी ती वाक्यं म्हणून दाखवली. "माह्या पोरीचं धुऊन टाकलं तू, बाई. सगळंच धुऊन टाकलं." गल्ली गोळा झाली होती. मी दुकानाच्या पायरीवर होतो, वीस पावलांवर. आपाने एकदा माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं. ती म्हणू शकत होती, की हा लिहिणारा तिथे बसलाय, त्याला विचारा.  त्या बाईची शिवी तिने मान खाली घालून ऐकली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. मोहल्ला, पोलीस, वातावरण, असं काहीबाही बोलत राहिलो. ती तांदूळ निवडत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "जेवून घे घरी जाऊन. बायको वाट पाहत असन."

त्यानंतर तिने मय्यतीला हात लावला नाही. निरोप आला की सांगायची, आता होत नाही. बायका आपसात म्हणायच्या, गिरणीवाल्याच्या घरचं खाल्लं हिने. ओसरीवरची पोरं कमी होत गेली. मी रोज हे ऐकायचो, आणि लोकांसमोर तिची बाजू घ्यायचो, "माझी बहीण तशी नाही" म्हणायचो. एवढंच म्हणायचो.

माझ्याशी ती अबोला धरून नव्हती. ईदला शिरखुर्मा यायचा, ताप आला तर काढा यायचा. पण आलापल्लीला दिलेल्या मुलीचं पत्र आलं की पूर्वी ती माझ्याकडे वाचायला आणायची, ते बंद झालं. काही महिन्यांनी दुपारी भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. क, का, कि, की. शेजारच्या शेतकऱ्याची लेक तिला बाराखडी शिकवत होती. साठी उलटलेली माझी बहीण मोठ्याने, अडखळत, एकेक अक्षर म्हणत होती. मी दुकानातून जेवायला घरी येणं सोडलं, डबा मागवायला लागलो. वर्षभराने ती वर्तमानपत्रातली ओळ सलग वाचायला लागली. माझ्या बायकोला तिचं फार कौतुक वाटायचं. "ह्या वयात, पाहा," ती मला म्हणायची.

बऱ्याच वर्षांनी आपा गेली, तेव्हा गावात धुणारी कोणी उरली नव्हती. नागभीडहून दोन बायका बोलवाव्या लागल्या. त्या घाईत होत्या. बाहेरून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, बसची वेळ विचारत होत्या. कफन मीच फाडलं.

तिच्या घराला कुलूप लागलं. मुली आपापल्या घरी गेल्या. पण दुपारी भिंतीपलीकडून अक्षरं ऐकू येतात. मी कान तपासून घेतले, भिंतीचा गिलावाही नवा करून घेतला. बायको म्हणते, काही नाही, तुम्हाला भास होतो. भासच असेल. मात्र आता त्या आवाजात एकेक अक्षर नसतं. ती सलग वाचते, न अडखळता, मी लिहिलेला तो कागद. कसलीही खूण, जखम वा व्रण मला दिसला नाही.

चार वर्षं हे ऐकून मी राजुऱ्याला गेलो. मुलीची आई घरीच होती, नजर अधू झालेली, खाटेवर. मी कोण ते सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. मानेवरच्या बोटांचं, मागच्या दाराचं, मी काय लिहिलं आणि आपाला काय लिहिलं म्हणून सांगितलं, ते. बोलताना मी एकदाही पोलीस आणि वातावरण हे शब्द काढले नाहीत.

 ती म्हणाली, "बोटांचं मले मालूम हाये, भाऊ. तुमची बहीण आल्ती."

 तिने सांगितलं, की बऱ्याच वर्षांपूर्वी, आलापल्लीला लेकीकडे जाते म्हणून आपा एकटी राजुऱ्याला उतरली होती. ह्याच घरात येऊन तिने पाहिलं ते सगळं सांगितलं. मग कागदाची नक्कल मागून घेतली आणि बोट ठेवून स्वतः वाचली, शेवटपर्यंत.

"मी विचारलं, मंग असं काऊन लिवून देल्लं?" ती म्हणाली. "तर म्हणे, अंगठा माहा हाये. तुमचं नाव नाई काढलं, भाऊ. एकदाबी नाई."

मी खाली पाहत बसलो होतो.

"दोन घंटे बसून होती इथी. उन्हाळ्याचे दिवस," ती म्हणाली. "मी तिले पाणी नाई विचारलं. तिनंबी नाई मांगलं."

मग तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तुम्ही तं आता सांगून मोकये झाले. मी त्या बाईले काय सांगू? कुठी जाऊन सांगू?"

मी उठलो. तिच्या नातवाच्या बायकोने चहा आणला होता, तो मी घेतला नाही. हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आहे, आणि खाली सही माझी आहे.