नळी कोणी कापली

“बंद करू नका, चालू ऱ्हाऊ द्या.”

गाडी गॅरेजसमोर थांबली की गिऱ्हाइकाचा हात किल्लीकडे जायचा आणि मिस्त्रींचा पंजा वर व्हायचा. मग ते बॉनेटपाशी मान वाकडी करून उभे राहायचे. कोणी मध्येच बोललं तर म्हणायचे, “आधी तिला बोलू द्या.”

जुन्नरला त्यांच्या गॅरेजसमोर माझं सुट्या भागांचं दुकान आहे. तुम्हाला वाटेल, अशा शेजारामुळे माझा धंदा जोरात चालत असेल. पण माझ्याकडून नेलेला नवाकोरा पार्ट ते गिऱ्हाइकाच्या हाती परत पाठवायचे. “पार्टला काय झालं न्हाई. बिघाड दुसरीकडं हाय.” मी चिडायचो. ते संध्याकाळी दुकानात चहाला यायचे तेव्हा म्हणायचे, “भाऊ, बदलायला काय लागतं? बघायला वेळ लागतो.” त्यांचे वडील पिंपरी पेंढारला मेंढरं राखायचे. आजारी मेंढीजवळ बसून राहायची सवय त्यांना तिथलीच.

अवसरी बुद्रुकच्या एका बागायतदाराने हौसेने जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. लाल, दोन दरवाजांची, इतकी बुटकी की गावातला प्रत्येक गतिरोधक तिच्या पोटाला घासायचा. पळताना ती झकास पळायची, पण उभी राहिली की थरथरायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपने प्लग बदलले, कॉइल बदलल्या, इंजेक्टर धुतले, आणि शेवटी गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय, तो परदेशातून मागवावा लागेल असं सांगितलं. बागायतदार माझ्या ओळखीचा. मीच त्याला समोर मिस्त्रींकडे नेलं.

मिस्त्रींनी बराच वेळ इंजिन ऐकलं. मग विचारलं, “सकाळी थंड असताना अशीच करती का?”

“नाही. गरम झाल्यावरच.”

“हे वर्कशॉपमधी सांगितलं व्हतं?”

“कोणी विचारलंच नाही.”

त्यांनी शेजारच्या सलूनमधून पाणी फवारायची बाटली आणली आणि चालू इंजिनावर एकेका जोडावर पाणी मारत गेले. अर्ध्या तासाने, हात आत घालून मागच्या बाजूला फवारा मारला आणि गाडीची थरथर क्षणभर थांबली. पाणी वाळलं, ती पुन्हा थरथरली. तिथली हवेची रबरी नळी चिरली होती. रबर तापून मऊ झालं की चीर उघडायची, जास्तीची हवा आत जायची आणि पेट्रोलचा मेळ बिघडायचा. चीर बरोबर नव्या क्लिपच्या खाली होती. ती क्लिप वर्कशॉपवाल्यांनीच बसवून वाजवीपेक्षा जास्त आवळली होती. मिस्त्रींनी नळी काढून माझ्या हातात दिली. क्लिपचा वळ मी अंगठ्याने चाचपून पाहिला. नवी नळी बसली आणि गाडी जागेवर शांत उभी राहिली.

आठवड्याने बागायतदार वर्कशॉपच्या सुपरवायझरला घेऊन आला. त्याने जाब विचारला असावा, कारण सुपरवायझर तावातच होता. त्याने जुनी नळी मागितली, उलटसुलट केली आणि भर रस्त्यात म्हणाला, “ही ब्लेडने कापलीय. गावठी मिस्त्रींची ही युक्तीच असते. आधी बिघाड करायचा, मग दुरुस्त करायचा.”

मिस्त्री बागायतदाराकडे वळले. “तुमी गाडी आणली तवा ती थरथरत व्हती का न्हाई?”

“थरथरत होती,” तो म्हणाला. “पण नळीतलं मला काय कळतंय, राव.”

मग मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या दुकानात येणारा निम्मा माल त्याच वर्कशॉपच्या मालकाच्या एजन्सीतून येत होता. दुकानात फोन वाजल्यासारखं करून मी आत निघून गेलो. त्या सुपरवायझरचा मला आजही संताप येतो, त्या बागायतदाराचा येतो. पण फोन वाजलेला नसताना आत गेलेल्या त्या माणसाइतका कोणाचाच येत नाही.

गोष्ट बाजारभर झाली. लोक गाडी लावताना हसत विचारू लागले, “ब्लेड आहे का खिशात?” महिन्याभरात मिस्त्रींनी कारचं काम सोडलं आणि फक्त पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागले. चहाला येत राहिले. पावसापाण्याचं बोलायचे. त्या दिवसाबद्दल एकदाही नाही.

गेल्या वर्षी काविळीने ते गेले. नदीकाठी दशक्रियेला बरीच माणसं जमली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माइक फिरला आणि श्रद्धांजलीला तो बागायतदार उभा राहिला. “शहरात कोणाला जमलं नाही ते या कलाकाराने करून दाखवलं. माझी गाडी त्यांनीच नीट केली,” असं म्हणून त्याने रुमालाने डोळे टिपले.

मी उठलो, त्याच्या हातातून माइक घेतला आणि सगळं सांगितलं. नळी, क्लिपचा वळ, तो आरोप, बागायतदाराचं कच खाणं आणि माझं आत निघून जाणं. बोलताना आवाज चढला. माणसं खाली बघत बसली होती.

विधी उरकल्यावर मिस्त्रींच्या बायकोला नमस्कार करायला गेलो. त्या पदर सावरून उभ्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “त्येंनी लई दिस वाट बघितली तुमची.”