वेणूच्या बांधावरची मर्यादवेल

पनवेलच्या खाडीकाठी एका खारेपाटातल्या गावात वेणू नांदत होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावानं लांब मातीचा बांध घातला होता आणि प्रत्येक घराला त्याचा एकेक तुकडा राखायला दिला होता. वेणूचा तुकडा नेमका वाऱ्याच्या तोंडी. वैशाखात तडकायचा, आषाढात वाहून जायचा. तिचा नवरा विठू दर साली चिखलाची घमेली वाहून मेटाकुटीला यायचा.

१९५१ साली उरणला माहेरी गेलेली असताना किनाऱ्यावरची मर्यादवेल बघून तिच्या मनात आलं, ही वाळू धरून ठेवते तर माती का नाही धरणार? ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं वेलाचे तुकडे आणले. पहिले बरेचसे जळाले. पुढच्या पावसाळ्यात तिनं परत आणून लावले, ते धरले. तिसऱ्या उन्हाळ्यात बाकीचा सगळा बांध पांढरा पडला होता आणि वेणूच्या तुकड्यावर आपट्यासारखी पानं हिरवीगार होती. पाण्याचा थेंब न घालता. जांभळ्या फुलांवर मधमाश्या यायला लागल्या, टिटवीनं कडेला अंडी घातली.

गावाला मात्र ते रुचलं नाही. बांधाची व्यवस्था बघणारे म्हातारे दाजी म्हणाले, "पाल्याखाली खेकडं बिळं करतील. काढून टाक."

"पिलं उडू द्या, दाजी. मंग बघू," वेणू म्हणाली. पिलं उडून गेली तरी तिनं वेल काढली नाही.

भाद्रपदातल्या अमावस्येला भर दुपारी उधाण आलं आणि बांध फुटून खांड पडली. वेणूच्या तुकड्याला नव्हे, त्याच्या शेजारी, वीस पावलांवर. पोटरीतलं भात खाऱ्या पाण्यात बुडालं. वेणूच्या वेलीतले खेकडे तिकडे पोखरत गेले, असंच सगळे म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी विठू कोयता घेऊन गेला आणि सगळी वेल त्यानं कापून काढली. वेणू बघत उभी राहिली.

आपल्यामुळंच झालं का, हा प्रश्न तिला जेवू देईना. शेवटी ती दाजींना बांधावर घेऊन गेली. उघड्या तुकड्यांवर वेल कधी नव्हतीच, पण बिळं तिथंही तितकीच होती.

दाजी बराच वेळ वाकून बघत राहिले. "खरं हाय तुजं," ते म्हणाले. "पन आता सांगून कुनाचं भात परत येनार हाय?"

जमिनीत मीठ उतरलं होतं. दोन वर्षं भात झालं नाही. वेणू आणि विठू मिठागरावर मजुरीला जाऊ लागले. विहिरीवर बायका तिच्याशी तुटक बोलत.

दुसऱ्या वर्षी राहिलेल्या मुळांना कोंब फुटले. विठूनं विचारलं, "काढू?"

"मी बघते," म्हणून ती गेली, कोंबांपाशी बसली आणि ते न उपटता तशीच परत आली. विठूनं पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी भात पिकलं. बांधावर पाहिलेलं दाजींनी गावात कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि वेणूनंही त्यांना ते सांगायला लावलं नाही.