आईनं पप्पांचं नाव घेतलं

मंडळी, आज दुपारी आईला घेऊन समुपदेशक बाईंकडं गेलो होतो. पप्पा गेल्यापासून आई, मी आणि माझी बायको घरात फक्त जेवणापुरतं बोलतो. म्हणून तिघंही गेलो.

बाई आईला म्हणाल्या, "ते समोर बसलेत असं समजा. नाव घेऊन बोला त्यांच्याशी."

उभ्या जन्मात आईनं पप्पांना नावानं हाक मारलेली नाही. "अहो", नाहीतर "ऐकलं का".

मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लग्नानंतर सासरच्या दारात नणंदांनी वाट अडवली तेव्हा घेतलेला उखाणा म्हटला.

"गुलमंडीचा शालू, त्याला जरीचा काठ,
मधुकररावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

बायकोनं आईचा हात धरला. मी पंख्याकडं बघत बसलो. वाईट वाटतंय का, तेही कळंना.

परत येताना रिक्षात आईनं विचारलं, "पुन्हा जायचंय का रे तिथं?"

"व्हय, पुढच्या आठवड्यात."

"मला तेवढा एकच येतो."

मला अजून रडू आलेलं नाही. तुम्हाला कधी आलं होतं?