उघड्या डोळ्यांचा फोटो

शिरूर कासारच्या बाजारगल्लीत आता मोबाईलच्या दुकानांची रांग आहे. रांगेच्या शेवटी एक अरुंद दुकान लागतं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाईन फॉर्म, असं त्याच्या पाटीवर लिहिलेलं. दुकान हरिओम चालवतो आणि दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्याचा बाप धुळाजी डोळे मिटून बसलेला असतो. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा पेंगतोय. पण तो पेंगत नसतो. डोळे मिटले की धुळाजीला जगाची निगेटिव्ह दिसते. उन्हानं पेटलेला माळ काळाशार, त्यावर चांदण्यासारखी मेंढरं आणि मेंढरांच्या पायाशी दुधासारख्या सावल्या. तो बराच वेळ त्या माळावर हिंडतो आणि चहा आला की परत येतो.

धुळाजी मेंढक्याच्या घरचा. पोरानं काठी धरावी असं बापाला वाटायचं. पोरानं बीडच्या एका फोटोवाल्याकडं राहून कॅमेरा धरला. गळ्यात अडकवायचा आणि मान खाली घालून वरून बघायचा, असा तो कॅमेरा होता. त्याच्या काचेत उजवं डावीकडं दिसायचं, डावं उजवीकडं. पण धुळाजीला ते काचेतलं जग खऱ्यापेक्षा शांत वाटायचं. तिथं वारा दिसायचा, ऐकू यायचा नाही.

पुढं त्यानं गावात स्वतःचं दुकान टाकलं. दिवाळी सरली की ऊस तोडायला जाणारी बिऱ्हाडं ट्रकात बसायच्या आधी त्याच्याकडं यायची. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ लेकरांचा फोटो असावा म्हणून. नारायणगडाच्या यात्रेत तो तळ्याचं चित्र असलेला पडदा बांधायचा आणि कोरड्या तालुक्यातली माणसं त्या तळ्याकाठी ऐटीत उभी राहायची. रात्री लाल दिव्याखाली पाण्यात कागद हलवताना तीच माणसं हळूहळू वर यायची. आधी केस, मग मिशी, मग डोळे. बुडालेला माणूस आपल्या हातानं काठाला लागतोय, असं धुळाजीला दर वेळी वाटायचं.

पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कामानं. त्या काळात कितीक माणसं फोटोवाचून मरायची. मग गावावरून निरोप यायचा, धुळाजी सायकल हाणत जायचा, भिंतीला टेकवून बसवलेल्या मयताचा फोटो काढायचा आणि दुकानात बसून बारीक कुंचल्यानं त्याचे डोळे उघडायचा. मिटल्या पापण्यांवर बुबुळं काढायची, बुबुळात उजेडाचा ठिपका ठेवायचा. काढायच्या आधी घरच्यांना तो एवढंच विचारायचा, की डोळे कुणावर गेलेत? कुणी म्हणायचं, धाकट्यात बाप उतरलाय. मग तो धाकट्याला उन्हात समोर बसवायचा आणि त्याच्याकडं बघून बापाचे डोळे काढायचा. अशा रीतीनं कितीक घरांच्या भिंतींवरून मेलेले बाप लेकांच्या डोळ्यांनी बघू लागले.

एकदाच त्याचं काम परत आलं. जवळच्याच एका गावातल्या बायनाबाईनं नवऱ्याचा फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि हा कोण म्हणून विचारलं. तिचा नवरा तिरळा होता. धुळाजीनं भलेपणानं नजर सरळ करून दिली होती.

"आता बरा दिसतोय की," तो म्हणाला.

"बरा दिसतोय, पण माझा न्हाई दिसत," बायनाबाई म्हणाली. "उभ्या जन्मात त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं न्हाई. आता मेल्यावर काहून बघंल? तिरळा करा त्याला."

धुळाजीनं तिरळा करून दिला. बाई फोटोला पदर लावून रडली आणि गेली.

असा सगळ्यांचे डोळे उघडणारा माणूस. पण बायकोपुढं त्याचं काही चाललं नाही. दगडाबाईच्या एकाही फोटोत डोळे उघडे नव्हते. लग्नातला फोटो मिटल्या डोळ्यांचा, हरिओम मांडीवर असतानाचा तसाच. रोल जपून वापरायचे दिवस होते, तरी तो रोलमधला एखादा फोटो तिच्यासाठी राखून ठेवायचा. पाण्यात कागद टाकला की श्वास धरायचा. केस यायचे, कुंकू यायचं, गळ्यातली पोत यायची आणि डोळ्यांच्या जागी पापण्यांच्या दोन बारीक कोरी. ती हसायची, म्हणायची, "लावा की तुमचा कुंचला." त्यानं कधी लावला नाही. तो कुंचला मेलेल्यांचा होता.

मग रोल जाऊन कार्डाचे कॅमेरे आले. धुळाजीला आधी त्यांचा राग आला, कारण त्या फोटोंना वास नव्हता. ना धुवायचे, ना वाळत घालायचे. मग मोबाईल आले आणि राग धरायलाही जागा राहिली नाही. लोक इतके फोटो काढू लागले की आता कुणीच फोटोवाचून मरत नव्हतं. कुंचला वाळून गेला. हरिओमनं डार्करूममध्ये झेरॉक्स मशीन बसवलं आणि धुळाजीनं खुर्ची बाहेर घेतली. त्याला फारसं वाईट वाटलं नाही. मिटल्या डोळ्यांआड माळ होताच.

गेल्या थंडीत दगडाबाईचा ताप छातीत उतरला. तिला बीडला दवाखान्यात ठेवलं. नाकाला नळी लावून ती झोपली होती, खिडकीतून उजेड येत होता आणि धुळाजी उशाशी बसून तिच्याकडं बघत होता. हा चेहरा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्या पेटीतल्या प्रत्येक फोटोत हाच होता. हिचे मरणाचे फोटो आपण लग्नापासूनच काढत आलो की काय, असं त्याच्या मनात आलं. आता ही गेली तर भिंतीवर काय लावायचं? डोळे काढायला बसावं, तर कुंचला केव्हाच वाळून गेला होता. आणि कुणाकडं बघून काढायचे? हरिओमचे डोळे बापावर गेलेले, लेकीचे धुळाजीच्या आईवर. दगडाबाईचे डोळे कुणातच उतरले नव्हते.

ती बरी होऊन घरी आली. त्या दिवसापासून धुळाजीला एकच ध्यास लागला. ती जिवंत असताना तिचा उघड्या डोळ्यांचा एक फोटो हवा.

हरिओमनं मोबाईलवर धडाधड फोटो काढले. बोट दाबून धरलं की मशीन चालल्यासारखे निघतात, तसे. त्यातल्या काहींत डोळे उघडेही होते, पण दचकलेल्या शेळीसारखे. धुळाजीनं ते सगळे पुसायला लावले. हरिओम वैतागून म्हणाला की उघडे पाहिजे होते, उघडे मिळाले, आता अजून काय पाहिजे.

संक्रांतीला लेकीची लेक आरोही आली. संभाजीनगरला कॉलेजात शिकणारी. तिनं आजीच्या जुन्या फोटोचा मोबाईलवर फोटो घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि धुळाजीपुढं धरला. दगडाबाईनं डोळे उघडले होते. मोठे, पाणीदार डोळे, बुबुळात उजेडाचा ठिपका अगदी जागच्या जागी. धुळाजीच्या कुंचल्यालाही इतकं सफाईदार जमलं नसतं.

त्यानं मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"आवडला न्हाई का, आबा?"

"लई सुरेख हायेत. कुणाचे हायेत?"

कुणाचेच नाहीत, मोबाईलच बनवतो, आरोही म्हणाली. धुळाजीनं मान हलवली. त्या दिवशी खुर्चीत डोळे मिटल्यावर माळ आला नाही. भिंतीवरची माणसं आली. आपापल्या लेकांच्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत ती नुसती उभी राहिली. रागावून नाही, काही मागतही नाही. गर्दीत एकटा बायनाबाईचा नवरा भलतीकडं बघत निवांत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरोहीनं आणखी एक तोड काढली. घराच्या मागं माळ सुरू होतो. तिथल्या पाण्याच्या टाकीवर तिनं मोबाईल टेकवून उभा केला आणि आजीला बाजेवर बसवलं. कुणी हात लावायचा नाही, बटण दाबायचं नाही. आजीनं नुसता तळवा दाखवायचा, मोबाईल ओळखतो, थोडं थांबतो आणि आपला आपण फोटो काढतो. दगडाबाईनं आधी हात जोडले, मोबाईल गप्प राहिला. मग नमस्कार झाला तर आता आशीर्वाद देऊन बघते, म्हणून तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तरी गप्प. दोघी हसून बेजार झाल्या. एकदा तळवा नीट दाखवला आणि फोटो निघाला. डोळे मिटलेले.

धुळाजी टाकीमागं येऊन उभा राहिला होता. त्याला ते काही पटत नव्हतं.

"मागं कुणीच न्हाई तर काढतं कोण?" त्यानं विचारलं.

"आजीच काढती, आबा."

"मंग मी कशाला उबा हाय हितं?" असं म्हणून तो टाकीमागच्या चढाला लागला. वर त्याच्या पुतण्याची मेंढरं परतत होती. धुरळ्यात ऊन अडकलं होतं आणि मेंढरं जमिनीला पाय न लावता तरंगत आल्यासारखी दिसत होती. आपण चालतोय की खुर्चीतच आहोत, हे क्षणभर धुळाजीला कळेना. तो त्या पिवळ्या धुरळ्यात शिरला.

खाली दगडाबाई मोबाईल विसरली. दुखण्यातून उठल्यापासून तिला लांबचं पुसट दिसायचं. म्हातारा दिसेनासा झाला तशी ती बाजेवरून उठली. "अवो, कुटं निगालात?" म्हणून तिनं हात उंच करून तळवा हलवला. मग तोच हात कपाळावर आडवा धरून चढाकडं बघत राहिली. धुरळा थोडा विरला. त्यातून धुळाजी दिसला, हाक ऐकून थांबलेला, मागं वळलेला. तेवढ्यात टाकीवर बारीकसा आवाज झाला.

धुळाजी खाली आला तेव्हा आरोही मोबाईल घेऊन उभी होती. तिनं तो त्याच्या हातात दिला. फोटो तिरपा होता, टाकीची कड मधे आली होती, बाजेचा अर्धा भाग कापला गेला होता. कपाळावरच्या हाताची सावली दगडाबाईच्या डोळ्यांवर पडली होती आणि त्या सावलीत डोळे उघडे होते. जरा बारीक केलेले, काळजीनं भरलेले, आणि आत्ताच काहीतरी सापडल्यासारखे. हे डोळे त्याला माहीत होते. दुकान बंद करून उशिरा घरी आला की दारात हेच असायचे.

तो बाजेवर बसला. त्यानं विचारलं, "इतकी वर्सं डोळं काहून मिटायचीस?"

दगडाबाईला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "तुमी मान खाली घालायचा त्या डब्यात. नंतर नंतर डब्बाच तोंडावर धरायचा. तुमचं तोंड दिसंना झालं की मी कुणाकडं बघू?"

नातीनं शिकवलं होतं तशी धुळाजीनं दोन बोटं काचेवर ठेवली आणि फाकवली. चेहरा मोठा झाला, मग एक डोळाच उरला. बुबुळात माळ असेल, माळावर धुरळा असेल, धुरळ्यात आपण उभे असू, म्हणून तो आणखी फाकवत गेला. पण आत कुणी नव्हतं. नुसते तपकिरी चौकोन, एकाला एक चिकटलेले. तो वाकून त्यांत शोधत राहिला.

दगडाबाईनं त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि बाजेवर पालथा ठेवला.

"अवो, जित्ती हाय की मी," ती म्हणाली. "हिकडं बघा."

त्यानं मान वर केली. मेंढरं आता घराच्या अंगाला आली होती, त्यांचा उबदार वास दोघांच्या मधून जात होता. आरोही मेंढरांना पाणी सोडायला गेली. दगडाबाई त्याच्याकडं बघत होती आणि तिची पापणी लवत होती, उघडत होती, पुन्हा लवत होती, कुणाचीही लवते तशी.