तुरीतला गांजा आणि नवरीचा मामा

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू येतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी सोनई भागात फौजदार होतो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी जवळच्या गावचा पोलीस पाटील सायकल हाणत ठाण्यात आला. म्हणाला, "सायेब, आमच्या गावात एकाच्या तुरीत गांजा हाय." खबर कुणी दिली, ते मी विचारलं नाही. खबऱ्याचं नाव खोदत बसलं की पुढची खबर बंद होते.

हवालदार आणि दोन पंच घेऊन शेतात गेलो. तुरीच्या मधोमध गांज्याची पुरुषभर झाडं उभी होती. शेतमालक भला माणूस, हात जोडून पुढे आला. परवावर मुलीचं लग्न होतं.

"देवाशपथ मला ठावं न्हाई, सायेब. पाखरानं बी टाकलं आसंल. बाप चौकीत गेला तर पाव्हणं सोयरीक मोडत्याल."

पण पाखरं काही ओळीत पेरत नाहीत, आणि सातबारा त्याच्या नावावर.

पंचनामा लिहीत होतो, तर पंचच भांडायला लागले. एक म्हातारबाबा म्हणाले, "माझा बाप सरकारी परवान्यावर गांजा पिकवायचा. तवा गुन्हा न्हवता, मग आता कसा झाला?" दुसरे पंच शाळेतले गुरुजी. ते म्हणाले, "डोकं फिरतं त्यानं माणसाचं." बाबा म्हणाले, "मी जल्मभर वढतोय, माजं कुठं फिरलं?" "ते गावाला विचारा," गुरुजी म्हणाले. हवालदारालाही हसू आवरेना. दोघांना गप्प करून मी झाडं उपटायला लावली.

मालकाचा मेव्हणा, म्हणजे नवरीचा मामा, ते शेत वाट्यानं करायचा. तो आपणहून मदतीला आला आणि भराभर झाडं उपटून ढिगावर टाकू लागला. एक किडमिडीत झाड मात्र त्यानं बांधापलीकडे भिरकावलं.

"अरे, तेही मुद्देमालात टाक."

"त्यो नर हाय, सायेब. मागंच काढाय हवा हुता, मालात बी भरतं त्यानं."

बोलून गेला आणि जीभ चावली. गांज्यातलं नर-मादी पिकवणाऱ्यालाच ओळखू येतं. मी मालकाला म्हणालो, "आता तुम्ही एक नर दाखवा." त्या बिचाऱ्यानं तुरीलाच हात घातला.

मामानं मान खाली घातली. "दाजींचा काय संबंद न्हाई. माज्या चिलमीपुरता लावला हुता."

बाप सुटला, पण मामा अडकला. नवरीनं निरोप धाडला, मामा पाठीशी उभा नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. गुन्हा तर मी नोंदवलाच, कायदा तो कायदा. पण सगळे कागद त्याच दिवशी पुरे केले आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभा केला. जामीन मिळाला. लग्नात तो भाचीच्या मागं ताठ उभा राहिला, आणि अक्षता टाकताना मला फार बरं वाटलं.

पंगतीत मामी जिलबी वाढायला आली आणि हळूच म्हणाली, "सायेब, खबर मीच धाडली हुती. म्हनलं, भाचीच्या लग्नात तरी मानूस शुद्धीवर ऱ्हाईल. तर तुमी दाजींनाच धरलं. जीव निम्मा झाला माजा."

मला ठसकाच लागला.

आता पेपरात वाद चालतात, गांजा खुला करावा की नाही. लोक मलाही विचारतात. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि गुरुजींचंही पुरतं खरं नव्हतं. त्या तुरीनं मला एकच शिकवलं. मी उलट विचारतो, ओढणाऱ्याच्या बायकोला विचारलंत का?